देण्याघेण्यातलं विमान

मुकुंदराव महेंद्रकरांच्या हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर टेकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्वतःला बघू, की देण्याघेण्याला? पुढचं सगळं त्या उत्तरावर. स्वतःला म्हटलं तर वरच्या कपाटाची काच सरकते, साडी उलगडते, पदर खांद्यावर येतो, आरसा पुढे येतो. देण्याघेण्याला म्हटलं तर खालच्या फळीवरचा गठ्ठा येतो. त्यातलं कुणी काही उलगडत नाही, आणि ती जिला मिळणार तिला रंग कोणता आवडतो हेही कुणी विचारत नाही. त्या साड्या नेसायच्या नसतातच. एका घरच्या बारशातून दुसऱ्या घरच्या मुंजीत, तिथून तिसऱ्यांच्या वास्तुशांतीत त्या घडी न मोडता जातात. मुकुंदरावांच्या बायकोला, मथुराबाईंना, आपल्याच दुकानातली एक शेवाळी साडी कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी डोहाळजेवणात परत मिळाली होती. त्यांनी ती ओळखली, कुंकू लावून घेतलं, आणि घरी येऊन पुन्हा देण्याघेण्याच्या कप्प्यात ठेवली. सध्या ती कुठे आहे, देव जाणे.

त्यामुळे देशपांडे नगरातल्या त्या छोट्या दुकानात, सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या विमानांच्या खोक्यांच्या पलीकडून स्नेहा नावाच्या मुलीने जेव्हा विचारलं, "आंटी, घरात कुणी बनवणार आहे, की नुसतं द्यायला?" तेव्हा मथुराबाईंचा चेहरा असा उतरला की जणू कुणी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"घरातच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे द्यायलाच. पण घरातल्यांना."

दुकान वरच्या मजल्यावर होतं, खाली दातांचा दवाखाना. मथुराबाई घरी दाढ दुखते असं सांगून निघाल्या होत्या. अगदीच खोटं होऊ नये म्हणून जिना चढताना दवाखान्याच्या दारापाशी क्षणभर थांबल्यासुद्धा.

स्नेहाला खरं सांगायचं तर दिवाळीनंतरच्या त्या रविवारापासून सांगावं लागलं असतं. मुलीच्या, वेदश्रीच्या, लग्नाची बोलणी झाली तो रविवार. धारवाडच्या सप्तापुरातले मधुकर सुलाखे आपल्या मुलाला, साकेतला, घेऊन आले होते. मधुकररावांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. स्वतः हवाई दलातून निवृत्त. अधिकारी नव्हेत, विमानाच्या पोटाखाली उभं राहून काम करणारे. मिग-२१ मध्ये वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो आणि वेळ आली तर ज्या खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, ती खुर्ची तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती. बोलायला फारसे उत्साही नव्हते. हात शालीखाली घेऊन बसले होते, आणि कपबशी पुढे केली तेव्हा म्हणाले, ग्लासात द्या, अर्धाच द्या. मथुराबाईंना वाटलं, आहे बाई एकेकाचा थाट.

तेवढं चाललं असतं. पण मग त्यांनी ते केलं. फराळाच्या ताटावर मथुराबाईंनी स्वतःच्या हाताने कसुतीचं भरतकाम केलेला रुमाल घातला होता. काळ्यावर पांढरा रथ, चार बाजूंना तुळशी वृंदावनं, दोन पावसाळे डोळे फोडून केलेलं काम. कुणाकडे शिकल्या नव्हत्या, बघून बघून आलेलं. सगळ्यांनी छान छान म्हटलं. मधुकररावांनी शालीतून एक हात काढला, रुमालाचं टोक धरलं आणि उलटं करून पाठ बघितली. बराच वेळ बघितली. मग काही न बोलता सोडून दिलं.

व्याह्याने मुलगी बघायला यावं आणि रुमाल उलटा करून खोट काढायला बसावं, हे मथुराबाईंना लागलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना साडी उलटीपालटी करताना त्यांनी बघितलं होतं. उलटी कोण करतं? जिला घ्यायची नसते ती.

निघताना मधुकररावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खोकं त्यांच्या हातात दिलं. "हे तुम्हाला, अक्का," म्हणाले, "सावकाश उघडून बघा. घाई नाही." आणि पायऱ्या उतरून गेले.

मथुराबाईंनी सावकाशसुद्धा उघडलं नाही. कागदाचा एक कोपरा फाडून डोकावल्या. जुनाट खोकं, कडांना चिकटपट्ट्या, वर विमानाचं चित्र. हलवलं तर आत काहीतरी टकटक वाजलं. म्हणजे खेळणं, तेही वापरलेलं, तेही मोडकं. खोकं देण्याघेण्याच्या कप्प्यात गेलं. पुढच्याच आठवड्यात गदगला नणंदेच्या, मंगलावन्संच्या, नातवाचं बारसं होतं. सोनेरी कागद चढवून खोकं पाळण्याशेजारी ठेवलं गेलं. मोठा झाला की खेळेल, असं त्या तिथे म्हणाल्यासुद्धा.

आणि ह्या मंगळवारी वेदश्री भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "अप्पा येतो म्हणालेत रविवारी. विचारत होते, आईंनी खोकं उघडलं का?" सासऱ्यांना आत्तापासूनच अप्पा म्हणायला लागली होती. "ते कुणाला दाखवतसुद्धा नाहीत म्हणे, साकेतलाही नाही. तुलाच कसं दिलं?"

मथुराबाई म्हणाल्या, उघडलं की, ठेवलंय जपून.

तर, हे सगळं स्नेहाला सांगणं शक्य नव्हतं. दुसरा मार्गही नव्हता असं नाही. मंगलावन्संना फोन करून खोकं परत मागता आलं असतं. पण दिलेला आहेर परत मागायचा? मथुराबाईंच्या माहेरी, सासरी, सबंध दाजीबानपेठेत असं केलेली एकही बाई त्यांना आठवेना. घर विकायची पाळी आली त्या माणसांनीही हे केलेलं नव्हतं. आणि मंगलावन्सं म्हणजे एक गोष्ट दुपारी कळली तर संध्याकाळी ती रायबागपर्यंत पोचवणाऱ्या. वेदश्रीच्या सासरी काय वाटेल? ज्या पोरीच्या आईने व्याह्याची वस्तू न उघडता वाटून टाकली, ती पोरगी त्या घरात कोणत्या तोंडाने जाणार? नकोच. तसंच खोकं आणायचं आणि गप्प बसायचं.

"मिग-२१," त्या स्नेहाला म्हणाल्या. एवढं मात्र वेदश्रीकडून काढून घेतलं होतं.

स्नेहाने हसून विचारलं की कोणतं. मिग-२१ एक नव्हतंच. तिने आधी एक छोटं खोकं ठेवलं. आतलं विमान बनवलं तर वीतभर होणार. मथुराबाईंनी मान हलवली. मिळालेलं खोकं दोन पैठण्या मावतील एवढं होतं. मग स्नेहाने स्टूल घेऊन वरच्या फळीवरून मोठी खोकी काढली आणि काउंटरवर एकावर एक न ठेवता, शेजारी शेजारी मांडली. मांडायची रीत मथुराबाईंना आवडली. एकावर एक ठेवलं की गिऱ्हाईक वरचंच बघतं.

पहिल्यावर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं विमान होतं. हेच अगदी शेवटपर्यंत उडालं, स्नेहा म्हणाली, गेल्या वर्षी टीव्हीवर निरोप दाखवला तो ह्यांचा. मथुराबाईंनी बघून सांगितलं की हे नाही. ह्याची पाठ जाड आहे, पोक आल्यासारखी. ते अंगाने बारीक होतं, आणि असं छापील कापडासारखं नव्हतं. रुपेरी होतं, पण जरीचं रुपेरी नव्हे. घासलेला स्टीलचा डबा उन्हात ठेवला की दिसतो, तसं.

स्नेहा म्हणाली, आंटी, तुम्हाला तर खूपच कळतं ह्यातलं. मथुराबाई म्हणाल्या, मला काही कळत नाही, मी फक्त रंग विसरत नाही. हे वाक्य त्यांनी दुकानात हजारदा अभिमानाने म्हटलं होतं. आज ते म्हणताना त्यांना आपलंच ऐकू आलं : रंग विसरत नाही, माणसाने हातात काय ठेवलं ते तेवढं बघत नाही.

दोन खुर्च्यांचं शिकाऊ विमान बाद झालं. परक्या देशाच्या खुणा असलेलं एक बाद झालं. शेवटी रुपेरी दोन उरली. अंगाने बारीक, पाठ सपाट, एकाच जातीची. एकाचं खोकं नवं चकचकीत. दुसऱ्याचं तेच, अगदी तेच, जे मथुराबाईंनी कागदाच्या फाटक्या कोपऱ्यातून बघितलं होतं. ढग तसेच, अक्षरं तशीच पिवळी.

त्यांचा हात आपोआप त्यावर गेला.

स्नेहाने मात्र ते घेऊ नका म्हटलं. हा साचा जुना आहे, जोड बसत नाहीत, सगळीकडे घासायला लागतं, हल्ली कुणी घेत नाही. नवं घ्या, ह्यातले भाग असे आहेत की बनवणारा माणूस खूश होईल. मग तिने विचारलं, "बनवणार कोण आहे? हात कसे आहेत त्यांचे?"

मथुराबाईंना माहीत नव्हतं. वेदश्रीच्या होणाऱ्या सासऱ्याचे हात कसे आहेत, हे तीन तास समोर बसूनही त्यांनी बघितलं नव्हतं.

त्याऐवजी त्यांनी विचारलं की ह्या खोक्यात आत काही वाजतं का. स्नेहाने कानाशी नेऊन खोकं हलवलं. सळसळ झाली, बाकी काही नाही. ती म्हणाली, "नवं खोकं वाजत नाही, आंटी. सगळे भाग चौकटींना चिकटलेले असतात, चौकटी पिशवीत. आत काही वाजलं ना, तर समजायचं कुणीतरी काम सुरू केलंय. बहुतेक खुर्चीच. वैमानिकाची जागा आधी पूर्ण करायची असते, मग दोन्ही बाजू मिटवायच्या. एकदा मिटलं की आत हात जात नाही."

मथुराबाई खाली स्टुलावर बसल्या. दाढ दुखतेय का, असं स्नेहाने विचारलं, कारण गाल त्यांनी हाताने धरला होता.

खुर्ची. मोडकं म्हणून त्यांनी जे हलवून बघितलं होतं, ते त्या माणसाचं काम होतं. आयुष्यभर केलेल्या कामाची बोटाएवढी प्रतिमा, आणि ती आता गदगला कुठल्याशा पाळण्याखाली पडली होती.

इथे एखादी चांगली बाई उठून मंगलावन्संना फोन लावती. मथुराबाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या पुन्हा दोन्ही खोक्यांकडे बघितलं. एक बनवणाऱ्याला आवडेल असं, एक दाखवायला तसंच दिसेल असं. स्वतःला, की देण्याघेण्याला?

"हेच द्या," त्या म्हणाल्या आणि जुन्या साच्याचं उचललं.

घरी येऊन त्यांनी जे केलं ते सांगायलाही नको वाटतं. गिऱ्हाइकाने उलगडून टाकलेली साडी जुन्या घडीवर अशी बसवायची की कारखान्यातून आत्ताच आली असं वाटावं, ही विद्या त्यांच्या बोटांत होती. आता त्याच बोटांनी नवं जुनं करायचं होतं. वरचा पारदर्शक कागद काढला. कडा अंगठ्याने घासून मऊ केल्या. कोपरे जरासे दाबले. चिकटपट्टी लावली, चहाच्या पाण्याने पिवळी केली. नव्या छापाचा वास जाईना, तेव्हा खोकं कप्प्यात डांबराच्या गोळ्यांशेजारी दोन दिवस ठेवलं. काम इतकं सुरेख झालं की शनिवारी दार लावून बघताना त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाल्याची इतकी शरम वाटली की त्यांनी खोक्यावर टॉवेल टाकला.

मुकुंदरावांना त्यांनी सांगितलं होतं. दाढेचं औषध कुठे आहे असं ते विचारत राहिले, त्यामुळे सांगावंच लागलं. ते म्हणाले, अगं, देण्याघेण्याचं असं फिरतच असतं, तो माणूस काय खुणा करून ठेवणार आहे? गप्प बस आणि साबुदाणे भिजत घाल.

रविवारी मधुकरराव आले, साकेत आला. वेदश्री नवी ओढणी घेऊन इकडून तिकडे उगाच फिरत होती. पोहे झाले, हवापाण्याचं झालं. मग वेदश्रीनेच आत जाऊन खोकं आणलं आणि सासऱ्यांपुढे ठेवलं.

मधुकररावांनी शाल बाजूला केली. त्या दिवशी मथुराबाईंनी त्यांचे हात पहिल्यांदा बघितले. दोन्ही हात थरथरत होते. थोडे नव्हेत. झाकण धरायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. साकेत मदतीला पुढे होणार होता, पण ते नको म्हणाले. ग्लास, तोही अर्धा. शाल. मथुराबाईंच्या डोळ्यांपुढे तो दिवाळीनंतरचा सगळा रविवार पुन्हा उलगडला, आणि ह्या वेळी उलट्या बाजूने.

झाकण उघडलं. मधुकररावांनी आत बघितलं. न फोडलेल्या पिशवीवर एक बोट ठेवलं. वर कुणाकडे बघितलं नाही. मग झाकण हळूच बसवलं.

"छान जपून ठेवलंय," ते म्हणाले. नाकाशी नेऊन हसले. "कसर लागू नये म्हणून गोळीसुद्धा घातलीय, बघ साकेत."

"मी सांगत नव्हते?" वेदश्री म्हणाली. "आई वस्तू जपते."

मुकुंदरावांनी सोफ्यावर पाठ टेकली. सुटलो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

मथुराबाई चहा करायला आत गेल्या. गॅस पेटवला, दूध घातलं. बाहेरून मधुकररावांचा आवाज येत होता. ते मुकुंदरावांना सांगत होते की घाई काही नाही, सवड मिळेल तेव्हा अक्का करतील. खुर्चीबद्दल मात्र अक्षर नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळूनही ते मुलीसमोर आईला झाकत होते, आणि पुढे कायम झाकत राहणार होते. दिवाळीला, पाडव्याला, पोरीच्या बाळंतपणाला, प्रत्येक वेळी हे खोकं दोघांच्या मध्ये असणार आणि दोघंही त्याबद्दल चांगलंच बोलणार. मथुराबाईंना वाटलं, त्यांनी चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं.

त्यांनी एक ग्लास काढला, अर्धा भरला, आणि बाहेर आणून मधुकररावांच्या हाताशी असा ठेवला की त्यांना लांब हात करावा लागू नये.

"ते खोकं हे नाही," त्या म्हणाल्या.

मुकुंदराव खोकले. घरात बहुधा दोन होती, असं काहीतरी बोलायला लागले. मथुराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तुमचं खोकं मी वन्संच्या नातवाच्या बारशाला देऊन टाकलं. न उघडता. हे मी बाजारातून आणलं आणि घासून जुनं केलं."

साकेत जमिनीकडे बघत होता. वेदश्रीने आईकडे बघितलं, आणि ती नजर मथुराबाईंनी वर्षानुवर्षं जी वाट्याला येऊ नये म्हणून धडपड केली होती तीच होती. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मधुकररावांनी चहाचा एक घोट घेतला. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

"पिशवी बघून कळलं मला," ते म्हणाले. "तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं."

मथुराबाई म्हणाल्या की तेच तर चाललं नसतं. आणि मग, आता गेलंच आहे सगळं तर हेही जावं म्हणून, त्यांनी सांगून टाकलं की रुमाल उलटा करून बघितल्याचा त्यांना राग आला होता.

मधुकरराव आधी समजलेच नाहीत. मग समजले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. रुमाल तिथेच ताटावर होता. त्यांनी तो ओढून पुन्हा उलटा केला. सावकाश सांगितलं की त्यांच्यात काम तपासायचं तर पाठीमागूनच तपासायचं, अशी सवयच लागलेली. पुढून सगळ्यांचंच चांगलं दिसतं. ह्या रुमालाला पाठ कुठली आणि पोट कुठलं हे कळत नव्हतं, एक गाठ सापडली नव्हती. विमानाची खुर्ची त्यांनी केली होती, हात जायच्या आधी. राहिले होते ते खुर्चीचे पट्टे. केसाएवढ्या पत्र्याचे पट्टे कापायचे, ओवायचे आणि बांधायचे. तेवढं हाताने होईना. कुणी करून देईल का बघावं म्हणून खोकं त्या रविवारी हुबळीला बरोबरच आणलं होतं. मग हा रुमाल बघितला.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण बोलणीला आलेलो. मुलाच्या बापाचे हात असे थरथरतात, हे कसं सांगायचं? मलाही लाज वाटली."

त्यांनी अर्धी चूक आपल्याकडे ओढून घेतली, तेवढ्याने मथुराबाईंचं काही हलकं झालं नाही. उलट जे ओझं होतं त्यात ह्या माणसाच्या लाजेचंही ओझं पडलं. त्यांनी कमरेचा फोन काढला. मुकुंदरावांनी डोळ्यांनीच नको, नको म्हटलं. त्यांनी मंगलावन्संना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. लपवून करायचं असतं तर आत जाऊन करता आलं असतं.

वन्सं फोनवर आल्या आल्या साबणाच्या नव्या भावाबद्दल बोलायला लागल्या. मथुराबाईंनी त्यांना थांबवलं आणि बारशाचं खोकं परत हवंय असं सांगितलं.

"दिलेलं परत मागतेस, मथुरा?" वन्सं म्हणाल्या.

"हो, वन्सं."

मथुराबाई पुढच्या बोलण्याची वाट बघत होत्या, तोंडात मारल्यासारखं बोलणं येणार म्हणून. आलं ते वेगळंच. वन्सं हळू आवाजात म्हणाल्या की खोकं त्यांच्याकडे नाही. इलकलला मुलीच्या सासूच्या, वेणूबाईंच्या, नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा तिकडे दिलं. मग आणखी हळू : "मीही कुठे उघडलं होतं गं."

साकेतला हसू आलं. त्याने ते दाबलं. खिडकीपाशी वेदश्रीची पाठ हलली. हसते आहे की रडते आहे हे मथुराबाईंना कळेना, आणि बघायचा धीर झाला नाही.

वेणूबाईंना त्या आयुष्यात दोनदा भेटल्या होत्या. नंबर वन्संनी दिला. घंटा वाजत राहिली, आणि मग इलकलहून एक जाडसर आवाज आला, "हेळ्री," म्हणजे बोला.

मथुराबाईंनी कानडीत सांगितलं की आपण हुबळीच्या महेंद्रकर, मंगलाच्या वहिनी. तुम्हाला वास्तुशांतीला एक खोकं आलं होतं, सोनेरी कागदाचं. ते परत पाहिजे.

वेणूबाईंनी परत पाहिजे, हा शब्द दोनदा विचारून घेतला. मग त्यांच्या बांगड्यांचा आवाज झाला, कपाटाचं दार करकरलं. आहे, म्हणाल्या. पुढच्या बुधवारी एकीच्या मुंजीला न्यायचं काढून ठेवलं होतं. सोनेरी कागद तसाच आहे बघा, मी हात लावला नाही. हलवून बघू का, तेच आहे का ते?

"हलवू नका," मथुराबाई आणि मधुकरराव एकदमच म्हणाले.

मग मथुराबाईंनी समजावून सांगितलं. उचला, फोनजवळ धरा, आणि नुसतं जरासं तिरकं करा, बाळाला कुशीवर वळवतात तसं. मधुकरराव टेबलावर वाकले. वेदश्री खिडकीतून वळली होती. कागद चुरचुरला. आणि मग आतून एकदाच, बारीक, टक्.

मधुकररावांनी डोळे मिटले. "खुर्ची," म्हणाले. "जागेवरून सुटलीय."

"माझ्यामुळे," मथुराबाई म्हणाल्या. "मी हलवली होती."

"बसेल. तुम्ही पट्टे बांधलेत की बसेल."

मथुराबाईंनी मान वर केली नाही. चेहरा अजून तापलेला होता, आणि वेदश्री शेजारी येऊन उभी राहिली तरी तिने हात खांद्यावर ठेवला नव्हता. नुसती उभी होती. तेवढ्यात फोनमधून वेणूबाईंनी घसा साफ केला. खोकं उद्याच्या बसने पाठवते म्हणाल्या, पण मग वास्तुशांतीचा तुमच्याकडचा आहेर काय म्हणून लिहायचा? मंगलाकडून आलेलं परत गेलं, असं कसं दिसेल? तुमचं दुकान आहे म्हणे. त्यातलं एखादं काहीही द्या, देण्याघेण्यातलं.

मुकुंदरावांनी लगेच मान डोलावली. खालच्या फळीकडे बोट करतात तसं बोटही केलं.

मथुराबाईंनी ते बघितलं.

"साडी पाठवते," त्या म्हणाल्या. आणि फोनच्या जवळ तोंड नेऊन : "वेणूबाई, तुम्हाला रंग कोणता आवडतो?"